संगणकाशीं न बोलणारें गाण्याचें यंत्र



माझ्या आईला जाऊन आठ वर्षें झालीं. तिच्या जात्यावरच्या ओव्या माझ्या मुलानें ती हयात असतांनाच संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या, आणि तेथून त्या आयपॉड नांवाच्या, खिशांत मावणाऱ्या गाण्याच्या यंत्रांत भरून मला दिल्या. पुढें मुलगा परगांवीं गेला, तो संगणकही मोडीत निघाला, आणि आईचा आवाज काय तो माझ्या यंत्रांतच उरला. गेल्या वैशाखांत त्या यंत्रांतून टकटक असा आवाज येऊं लागला. आंतील फिरती तबकडी थकल्याची ती खूण. ओव्या दुसरीकडे उतरवून घ्याव्या म्हणून मीं तें नव्या संगणकास जोडलें, तों संगणक त्याला मुळीं ओळखच देईना.

आरंभींच सांगतों, मी मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. यंत्रविद्येचा पंडित नव्हे. परंतु ज्या चुका मीं केल्या त्या तुम्हीं करूं नयेत, इतकें सांगण्याचा अधिकार त्या चुकांनींच मला दिला आहे.

हें यंत्र ॲपल कंपनीनें ऑक्टोबर २००१ मध्यें प्रथम बाहेर काढिलें. त्या वेळीं तें फक्त त्याच कंपनीच्या संगणकाशीं बोलत असे. विंडोजच्या संगणकाशीं त्याचा परिचय २००२ सालीं झाला, आणि २००३ मध्यें त्याच्या बुडाला तीस टोंकांची चपटी खांच आली. माझें यंत्र ‘क्लासिक’ जातीचें. त्याची विक्री २०१४ सालीं थांबली, व २०२२ च्या मे महिन्यांत त्या घराण्यांतील शेवटचा वंशजही कंपनीनें बंद केला. मूळची तार हरवली कीं बाजारांत मिळेल ती घ्यावयाची, अशी आज स्थिति आहे. आणि माझें घोडें तेथेंच पेंड खात होतें.

यूएसबीच्या साध्या तारेंत चार बारीक तारा असतात. दोहोंतून पांच व्होल्टची वीज जाते, उरलेल्या दोहोंतून माहितीची ये-जा होते. स्वस्त तारांपैकीं कित्येकांत पहिल्या दोनच असतात. अशी तार लाविली कीं पडद्यावर विजेरी भरत असल्याचें चित्र दिसतें, आणि माझ्यासारखा मनुष्य समजतो कीं जोडणी झाली. पोटांत अन्न जात होतें, पण कानांवर शब्द जात नव्हता! मी पुरता एक दिवस संगणकाला दोष देत बसलों. त्याच्या पुढच्या बाजूची खांच सोडून पाठीमागची धरली, कारण मागच्या खांचा मुख्य पाटीवरच बसविलेल्या असतात व अधिक भरंवशाच्या असतात. यंत्राच्या तोंडांत खिशांतला कापूस घट्ट बसला होता, तो लाकडी दांतकोरण्यानें काढला. (सुईनें काढूं नये; टोंकें वांकतात.) वरची कुलुपाची कळ एकदां लावून उघडली, आणि ‘मेनू’ व मधलें अशीं दोन्ही बटणें सहा ते आठ सेकंद एकदम दाबून धरलीं. त्यानें यंत्र नव्यानें जागें होतें. आंतील गाणीं जात नाहींत. एवढें करूनही व्यर्थ. अखेर शेजारच्या बाईंनीं आपल्या जुन्या पेटाऱ्यांतून एक तार काढून दिली, ती लावतांच संगणकानें हुंकार दिला.

खरें संकट येथून पुढें. संगणकापाशीं नातू बसला होता. आयट्यून्स नांवाचा कार्यक्रम आपोआप उघडला, आणि त्यानें विचारलें, हें यंत्र दुसऱ्या संग्रहाशीं बांधलेलें आहे. आंतलें पुसून या संग्रहाशीं जुळवूं काय? नव्या संगणकावरील संग्रह तर रिकामा. त्या प्रश्नाला होकार म्हणजे आईच्या ओव्या धुऊन टाकणें. नातवाचें बोट होकाराकडे निघालें होतें. मीं त्याचा हात धरला. पोरगा घाबरला, मलाही वाईट वाटलें. शाळेंतसुद्धां मीं कोणा मुलाचा हात असा धरला नव्हता. त्या कार्यक्रमांतील ‘रिस्टोअर’ या बटणाचाही अर्थ सर्व पुसणें असाच आहे. तसेंच, मॅकवर प्रथम सिद्ध केलेलें यंत्र विंडोजला वाचतां येत नाहीं, आणि विंडोज तें ‘फॉर्मॅट’ करूं काय असें विचारतें. तेथेंही नाहींच म्हणावें.

दुसऱ्या दिवशीं, ज्यावर तो कार्यक्रम घातलेलाच नाहीं असा एक संगणक मागून आणला. यंत्र पुन्हा जागें करून, सफरचंदाचें चिन्ह दिसतांच मधलें व ‘प्ले’चें बटण धरून ठेविलें. या युक्तीनें यंत्र गाणें विसरून साध्या साठवणीच्या तबकडीसारखें वागूं लागतें. संगणकावर तें एका अक्षराच्या नांवानें उभें राहिलें. उघडलें, तों गाणीं कोठेंच नाहींत! तीं लपविलेलीं असतात. लपविलेल्या वस्तु दाखविण्याची आज्ञा विंडोजला दिल्यावर ‘आयपॉड कंट्रोल’ नांवाचें दप्तर दिसलें, त्यांत ‘म्युझिक’, आणि त्यांत ‘एफ’ शून्य-शून्यपासून पुढें ओळीनें कप्पे. प्रत्येक कप्प्यांत गाणीं होतीं, पण नांवें चार-चार निरर्थक अक्षरांचीं, जणुं हजेरीपटावर कोणी मुलांचीं नांवें खोडून ठेविलीं आहेत. (मूळ नांव गाण्याच्या पोटांत असतें, तें वाजविल्यावर दिसतें.) मी निवड करीत बसलों नाहीं. सगळें दप्तरच उतरवून घेतलें, कारण टकटक वाढत चालली होती.

ओव्यांचीं एकतीस मुद्रणें होतीं. अठ्ठावीस नीट उतरलीं, तीन अर्ध्यावर तुटतात. त्यांपैकीं एकांत आई मध्येंच थांबून, “गाय सोडली का रे?” असें विचारते, आणि तेथेंच आवाज संपतो. एक प्रत मुलाला पाठविली, एक नातवाजवळ दिली. यंत्र आतां टकटकही करीत नाहीं.