संगणकांतील कागदांची सूची

घर म्हटलें कीं कागद आले, आणि कागद आले कीं त्यांची शोधाशोध आली. पूर्वीं ही शोधाशोध ट्रंकेंत किंवा कपाटाच्या खणांत होत असे. आतां ती संगणकांत होते, इतकाच फरक. आठ वर्षांपूर्वींच्या जागेच्या करारनाम्याची प्रत आपण कोठेंतरी ठेवली आहे हें पक्कें आठवतें. परंतु तिला नांव काय दिलें आणि ती कोणत्या फोल्डरमध्यें टाकली, हें कांहीं केल्या आठवत नाहीं. अशा वेळीं ती संगणकानेंच शोधून द्यावी ही अपेक्षा वाजवी आहे. ज्या घरांत लिनक्स ही प्रणाली वापरली जाते तेथें ही सोय बहुधा तयारच असते. मात्र ती चालूं ठेवावी कीं बंद करावी, हा गेल्या वीस वर्षांतला वादाचा विषय होऊन बसला आहे. त्या वादाच्या दोन्ही बाजू आज आपल्यापुढें मांडावयाच्या आहेत.

शोधण्याच्या रीती मुळांत दोनच. पहिली रीत अशी कीं, प्रत्येक वेळीं सारें घर नव्यानें धुंडाळावयाचें. ‘फाइंड’ ही आज्ञा अशा रीतीनें फाईलींचीं नांवें पाहते आणि ‘ग्रेप’ ही आज्ञा त्यांच्या आंतील मजकूर पाहते. परंतु फाईलींची संख्या लाखांवर गेली कीं यांत वेळ फार मोडतो. शिवाय ग्रेपला केवळ साधा मजकूर वाचतां येतो. पीडीएफ किंवा लिब्रे ऑफिसच्या फाईलींत मजकूर दाबून गुंडाळून ठेवलेला असतो, तो तिला सहसा दिसत नाहीं. दुसरी रीत ग्रंथाच्या शेवटीं दिलेल्या शब्दसूचीची. एकदां सारें वाचून कोणता शब्द कोठें आला याची यादी करावयाची, आणि पुढें विचारणा झाली कीं नुसती यादी पाहून उत्तर द्यावयाचें.

सूचींतही दोन प्रकार आहेत. केवळ नांवांच्या सूचीची पद्धत जेम्स वुड्स यांनीं १९८३ सालीं एका लेखांत मांडली. ‘लोकेट’ ही आज्ञा त्याच परंपरेंतली, आणि ‘पीलोकेट’ हें तिचें २०२० सालचें सुधारलेलें रूप. ही सूची सामान्यतः दिवसांतून एकदां ताजी होते. म्हणून सकाळीं ठेवलेली फाईल संध्याकाळीं तिला ठाऊक नसेल. एवढा दोष सोडला तर ती निरुपद्रवी आहे. तिचा भार संगणकाला जाणवतही नाहीं.

वाद आहे तो दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे मजकुराच्या सूचीबद्दल. २००४ सालच्या सुमारास ‘बीगल’ नांवाचा कार्यक्रम निघाला. २००५ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत ‘आयनोटिफाय’ ही सोय आली आणि फाईल बदलतांच सूचीकर्त्याला वर्दी मिळूं लागली. पुढें केडीई या मंडळींनीं ‘नेपोमुक’ आणला. त्याचा संकल्प फार मोठा होता. शब्दांवर न थांबतां माणसें, पत्रें व कागद यांचे परस्परसंबंधही टिपून ठेवावे, असें त्याचें ध्येय होतें. पण त्या काळच्या फिरत्या तबकड्यांना तें ओझें पेललें नाहीं. संगणक रडतखडत चाले, आणि ही सोय बंद करणें हेंच पुष्कळांचें पहिलें काम होऊन बसलें. अखेर एप्रिल २०१४ मध्यें नेपोमुकच्या जागीं हलका ‘बालू’ आला. ग्नोमच्या घरीं ‘ट्रॅकर’ होता. २०२४ पासून त्याला ‘लोकलसर्च’ म्हणतात. आज फिरत्या तबकडीची जागा बहुतेक ठिकाणीं चपळ साठवणीनें घेतली आहे. म्हणून केवळ वेगाच्या कारणानें जुना राग धरून बसणें न्याय्य नाहीं.

परंतु दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सूची करणारा कार्यक्रम आपल्याला न विचारतां प्रत्येक फाईल उघडतो. ऑक्टोबर २०२३ मध्यें केव्हिन बॅकहाऊस या संशोधकानें दाखवून दिलें कीं, गाण्यांच्या तबकडीची यादी असलेली एक ‘क्यू’ फाईल दुव्यावर टिचकी मारतांच डाउनलोड्समध्यें उतरते, ट्रॅकर ती आपण होऊन वाचतो, आणि वाचणाऱ्या ‘लिबक्यू’ या संग्रहांतील चुकीमुळें परक्याची आज्ञा आपल्या यंत्रावर चालूं शकते. मालकानें फाईल उघडलीही नव्हती! ती चूक दुरुस्त झाली. पण तिच्यापासूनचा धडा घेण्यासारखा आहे. आणखी एक गोष्ट. सूची म्हणजे आपल्या कागदांतील शब्दांची दुसरी प्रतच होय. कुलूपबंद फोल्डर उघडा असतांना त्याची सूची झाली, तर कुलूप पुन्हां लावल्यावरही त्यांतील शब्द बाहेर राहूं शकतात.

मराठी घरांना कांहीं अडचणी निराळ्या आहेत. कृतिदेवासारख्या जुन्या टंकांत लिहिलेलें पत्र आपल्याला देवनागरी दिसतें. संगणकाला मात्र तीं रोमन अक्षरें व खुणा वाटतात, म्हणून ‘करार’ शोधून तें सांपडत नाहीं. विभक्तीचाही घोटाळा आहे. ‘मूल’ शोधल्यास ‘मुलाचा’ हाताला लागत नाहीं. आणि स्कॅन केलेला करारनामा म्हणजे तर नुसतें चित्र! ‘टेसरॅक्ट’सारख्या, मराठी अक्षरें ओळखणाऱ्या कार्यक्रमाकडून त्याचा मजकूर आधीं काढून घेतला, तरच सूचीला तो दिसतो. म्हणजे प्रारंभीं सांगितलेला आपला कागद उत्तम सूची असूनही हरवलेलाच राहण्याचा संभव आहे. सूचींत मिळाला नाहीं, म्हणून तो नाहींच, असें समजूं नये.

मग करावें काय? माझें मत असें कीं, सूची असावी, पण तिची हद्द घरच्या मालकानें ठरवावी. नांवांची सूची सर्व घराची असूं द्यावी. मजकुराची सूची निवडक कागदपत्रांच्या फोल्डरांचीच करावी. डाउनलोड्स, गुप्त कागद आणि सतत बदलणाऱ्या फाईलींचे ढीग यांतून वगळावे. केडीई व ग्नोम या दोहोंच्या सेटिंग्जमध्यें शोधाच्या जागा ठरवितां येतात. ज्याला पाठीमागें अखंड चाललेलें काम नको असेल, त्यानें ‘रिकॉल’ वापरावा. तो आपण नेमून दिलेलेच फोल्डर वाचतो, आणि तेही आपण सांगूं तेव्हां.

आणि शेवटीं जुनीच गोष्ट. कागद ठेवतांनाच त्याला ‘२०१८ जागा करारनामा’ असें सरळ नांव द्यावें. त्याला अर्धें मिनिट लागतें. परंतु ज्या दिवशीं तो कागद खरोखर हवा असतो, त्या दिवशीं सारा जीव त्या अर्ध्या मिनिटावरच अवलंबून असतो.