शेपटीचे चिमुकले हात



मूल न झालेल्या बाईला आपण ‘वांझ’ म्हणून मोकळे होतो. आमच्या घरच्या दखनीतही ‘बांझ’ म्हणजे बाईच. पुरुषासाठी असा शब्द चटकन आठवत नाही. ‘नपुंसक’ म्हणतात, पण त्याचा अर्थ निराळा. शब्दांशीच माझे काम, म्हणून ही उणीव खटकते.

आज बोलायचे आहे ते पुरुषाच्या शुक्राणूच्या शेपटीविषयी. तिची लांबी मिलिमीटरचा सुमारे विसावा भाग. ती आडवी कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की मधोमध दोन नळ्या आणि भोवती नळ्यांच्या नऊ जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीला डायनीन या प्रथिनाचे चिमुकले हात असतात. ते शेजारच्या जोडीला धरतात, सरकवतात, सोडतात. त्यातून शेपटी वळवळते आणि शुक्राणू पोहतो.

हे हातच नसले तर? स्टॉकहोमचे संशोधक ब्यॉर्न अफझेलियस यांनी १९७६ साली अशा चार पुरुषांविषयी लिहिले. त्यांचे शुक्राणू हलत नव्हते. चौघांपैकी तिघांना सायनस आणि छातीचा त्रासही वारंवार होत होता. असे का? तर श्वासनलिकेतला कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची घडणही तीच, नऊ आणि दोनची. दोघांचे हृदय तर उजवीकडे होते, कारण गर्भात डावे-उजवे ठरते तेही अशाच केसांच्या हालचालीने.

हा आजार दुर्मीळ आहे. शुक्राणू मंद असण्याची इतरही कारणे असतात. पण त्यातून एक गोष्ट कळते. दोष जन्मापासूनच्या घडणीत असू शकतो, मर्दानगीशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय न हलणारा शुक्राणू मेलेलाच असतो असे नाही. एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा होते, हे ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ साली दाखवून दिले. आज हा उपचार आपल्याकडेही होतो.

तरीही नवस बोलायला सूनच जाते, दर्ग्यात धागा बांधायला सूनच जाते आणि पोटाच्या तपासण्याही आधी तिच्याच होतात. वीर्याची तपासणी त्या मानाने किती सोपी! म्हणून एवढेच सांगतो, डॉक्टरांकडे पहिल्या दिवशीच दोघांनी जावे. तोवर कुणी कुणाला नाव ठेवू नये.