गावाचं इंटरनेट, गावाच्या हाती
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, ‘आठवणी सगळेच सांगतील, तू तुझ्या कामातलं काहीतरी सांग.’ गेली चोवीस वर्षं मी फायबर टाकण्याच्या कामात आहे, तेव्हा तारेबद्दलच बोलतो. शेवटी एक मागणी करणार आहे. ती वर्गणीची नाही, त्यामुळे निवांत ऐका.

आपल्या गावात इंटरनेट नाही असं नाही. बाजारपेठेत कंपन्यांचे बोर्ड आहेत, मोबाइलला रेंज आहे. पण नदीपलीकडच्या वस्तीत ‘पुरेशी घरं नाहीत’ म्हणून तार जात नाही. गटाराच्या खोदकामात केबल तुटली की दूरच्या कॉल सेंटरला तक्रार नोंदवायची आणि वाट बघत बसायचं. यंदा ऐन फॉर्म भरण्याच्या दिवसांत शाळेच्या संगणक कक्षात चार दिवस नेट नव्हतं. बाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून मुलांचे फॉर्म भरले. तार कुठे टाकायची, कधी दुरुस्त करायची, पैसे किती घ्यायचे, यातला एकही निर्णय गावात होत नाही. माझा मुद्दा तेवढाच आहे.

हा प्रश्न जगात इतरांनाही पडला आहे. इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायरमधल्या खेड्यांना मोठ्या कंपन्या फायबर देईनात. तेव्हा २०११ साली तिथल्या लोकांनी ‘बी फॉर आर एन’ नावाची लोकसंस्था नोंदवली. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते: काच स्वस्त, खोदाई महाग. त्यांनी नेमकी खोदाईच स्वस्त केली. रस्ता फोडायचा नाही, शेतातून जायचं. शेतकऱ्यांनी वाट फुकट दिली, गावकऱ्यांनी स्वतः चर खणले, फायबर जोडायला शिकून घेतलं. भांडवल लोकांनी शेअर घेऊन उभं केलं. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. आणि वेग किती? सेकंदाला एक गिगाबिट, तोही दोन्ही बाजूंनी सारखा. त्या काळी लंडनच्या कित्येक घरांत तो नव्हता.

स्पेनमधल्या कातालोनियात वेगळी तऱ्हा आहे. ओसोना भागात २००४ साली ‘गिफी’ हे जाळं सुरू झालं. आधी छपराछपरांवर वायरलेस अँटेना, पुढे फायबरही. ज्यानं जोडणी उभारली तो भाग त्याचा, पण त्यातून इतरांची वाहतूक जाऊ द्यायची, हा करार. त्या सामाईक जाळ्यावर छोटे व्यावसायिक ग्राहकांना सेवा विकतात आणि देखभालीचा खर्च वापराप्रमाणे वाटून घेतात. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी ठरते, तसंच म्हणा. आज तिथे तीस हजारांहून जास्त ठिकाणं जोडलेली आहेत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर गणिताचे सर मला खाली बसवतील. अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरानं कर्ज काढून स्वतःचं फायबर जाळं उभारलं. हिशोब जुळला नाही. २०१३ साली शहरानं ते गूगलला एका डॉलरला दिलं आणि कर्ज नागरिकांच्या डोक्यावर राहिलं. इतकं लांब जायलाही नको. श्रीरामपूरकडच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनं कित्येक दशकं आपल्या भागात वीज वाटली. थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये वितरण महावितरणकडे गेलं. संस्था आपली आहे म्हणून बिल माफ, असं झालं की संस्था बुडते. साखर कारखाना असो, पतसंस्था असो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग आपल्या गावात जमेल का? मी आकडे मांडून बघितले, ते केवळ नमुन्यादाखल सांगतो. समजा पहिल्या टप्प्यात ३०० घरं आली आणि प्रत्येकानं महिना ४०० रुपये दिले, तर महिन्याला १ लाख २० हजार जमतात. त्यातून बाहेरून घाऊक बँडविड्थ घ्यायची, खांबांचं भाडं, वीज आणि बॅटऱ्या, दोन तंत्रज्ञांचे पगार, परवान्याचा आणि हिशोबतपासणीचा खर्च भागवायचा. एक गिगाबिटची घाऊक जोडणी ३०० घरांनी एकदम वापरली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीनेक मेगाबिट येतात. पण सगळे एकदम वापरत नाहीत. रात्री आठ ते दहा गर्दी, दुपारी ओसाड. ही गर्दीची वेळ सांभाळता आली की बाकीचं जमतं. ३०० ऐवजी १२० घरंच आली, तर मात्र तंत्रज्ञांचा पगार निघणार नाही. म्हणून आधी घरं मोजायची, मग तार.

कायद्याचंही बघावं लागेल. इंटरनेट सेवेचे अ, ब, क असे वर्ग आहेत. लहान क्षेत्रासाठी ‘क’ वर्ग असतो. पण आजवर परवाना कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच मिळत आला आहे. म्हणजे नुसती सहकारी संस्था काढून चालणार नाही. एक तर गावकऱ्यांचे शेअर असलेली कंपनी काढायची, किंवा परवानाधारकाबरोबर करार करून शेवटच्या टप्प्याचं जाळं आपण सांभाळायचं. लहान सुरुवात करायची तर २०२० साली केंद्रानं मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तीत चहावाला किंवा किराणा दुकानदारसुद्धा वेगळा परवाना न काढता सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. आयआयटी मुंबईनं ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत जोडणी नेली, तेव्हाही ग्रामपंचायत आणि गावातला उद्योजक यांना भागीदार केलं होतं. आपले केबलवाले मित्र इथे बसले आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्यांना सोबत घेणं शहाणपणाचं. कुठल्या गल्लीत कुठला खांब सडला आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

दोन काळज्या मला खरोखर वाटतात. पहिली, खासगीपणाची. सेवा देणाऱ्याला काही नोंदी ठेवाव्याच लागतात. मोठ्या कंपनीतल्या माणसाला तुम्ही कोण हे माहीत नसतं. इथे मात्र नोंदी सांभाळणारा तुमच्या शेजारचाच असणार. त्या कोण उघडू शकतो, कुणाच्या लेखी परवानगीनं, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे आणि दर वर्षी बाहेरच्या माणसानं तपासलं पाहिजे. दुसरी काळजी निवडणुकीची. संचालक मंडळात दोन पॅनेल उभी राहतील, राहू देत. पण अमक्या पॅनेलच्या गल्लीतली तार आधी दुरुस्त झाली, असं एकदा जरी घडलं तरी लोक पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. तक्रारींचा क्रम सगळ्यांना दिसेल असा फलकावर लावायचा, हा त्यावर साधा उपाय.

आता मागणी. उद्या खणायला सुरुवात करा असं मी म्हणत नाही. सहा महिने फक्त शोध घेऊ या. आपल्या तुकडीतले जे गावात राहतात त्यांनी प्रभागवार घरं मोजावीत: आज कोण किती पैसे देतं, नेट किती वेळा बंद पडतं, नवी जोडणी घेईल का. वकील मित्रांनी परवान्याचं आणि नगरपरिषदेकडून खांब-रस्त्यांच्या परवानगीचं बघावं. सीए झालेल्यांनी माझे आकडे फाडून काढावेत, मला राग येणार नाही. जाळ्याचा नकाशा मी करतो आणि आयटीआयच्या मुलांना फायबर जोडायला शिकवायला दर महिन्याला दोन दिवस येतो. शेअर घेणारे आपल्याला मिळतील. भर पावसात रात्री दोन वाजता खांबावर चढणारा आणि त्याला वेळेवर पगार देणारा, हे दोघं मिळाले तरच पुढे जायचं.

सहा महिन्यांनी उत्तर ‘नाही’ आलं, तर तसं स्पष्ट सांगू आणि थांबू. ‘हो’ आलं, तर पहिली जोडणी नदीपलीकडच्या वस्तीला द्यावी असं माझं मत आहे. तिथली पोरं आजही पूल ओलांडून याच शाळेत येतात.

ज्यांना यात यायचं आहे त्यांनी चहाच्या वेळी आपली नावं माझ्याकडे द्यावीत. सर, बाई, तुमच्या आशीर्वादाबरोबर तुमचे प्रश्नही हवे आहेत.