शिकलेलं सुटत नाही

मांजरसुंब्याच्या चौफुलीवरच्या दुकानात बसून पीकविम्याचे ऑनलाइन फॉर्म भरायचे, तर लिनक्स ही संगणकप्रणालीसुद्धा पुरते आणि तीही फुकटात. तरीही बहुतेक जण विंडोजच का धरून बसतात? कारण तेच शिकायला त्यांनी वेळ आणि फी मोजलेली असते.

२००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या वर्गांत लाखो लोकांचा हात विंडोजवरच बसला. ‘फाइल डी ड्राइव्हला ठेव’ हे अंगवळणी पडलं. लिनक्समध्ये ड्राइव्हला अशी अक्षरंच नसतात, मग माणूस गोंधळतो. हाताशी ग्राहक खोळंबलेला असताना नवं शिकायला सवड कुठली?

म्हणून पालकहो, शिक्षकहो, मुलांना बटणं दाखवाच. पण फाइल म्हणजे काय, ती कुठं साठते, हेही समजावून सांगा. मग मुलं कुठलीही प्रणाली बिनधास्त निवडतील.