चर्चचा ऑर्गन आणि बेसबॉलची टोपी



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ असा विषय दिला आहे. तो फार मोठा, म्हणून त्यातली एकच दुपार सांगते. बोस्टनजवळच्या आमच्या गावात एका चर्चचा शंभरी ओलांडलेला ऑर्गन दुरुस्त करायचा होता. त्यासाठी मदतीची मैफल ठेवली, आणि तिची कल्पना काय, तर बेसबॉल! वादकाच्या डोक्यावर रेड सॉक्सची टोपी, दारात खारे शेंगदाणे, आणि नऊ रचनांचे नऊ डाव.

आम्ही त्या चर्चचे कोणी नाही. माझी मुलगी ज्या गायनवृंदात गाते त्याची तालीम तिथे होते, एवढाच संबंध. पण ऑर्गन सुरात लावायला दोन माणसे लागतात. एक आत, पाईपांच्या गर्दीत. दुसरे बाहेर, पट्टी दाबून बसलेले. आतून हाक आली की पुढची पट्टी दाबायची. हे बिनपगारी काम मी बरेच शनिवार केले. बाकीच्या आया गाडीत बसून फोन बघत, मी काळी-पांढरी करत बसे.

आतले यंत्र बघून मात्र मी हरखले. आपल्या पेटीसारखाच भाता, पण पूर्वी तो हाताने हलवायला मुले ठेवत, आता विजेचा पंखा हवा भरतो. सगळ्यात मोठा पाईप सोळा फूट, सगळ्यात छोटा पेन्सिलीएवढा. लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली जातो. पट्टी दाबलेली हवी आणि वरचा खटकाही ओढलेला हवा, तरच पाईप वाजतो. म्हणजे आम्ही कॉलेजात शिकलो ती ‘अँड गेट’, पण लाकूड आणि चामड्याची! या जातीच्या ऑर्गनमध्ये प्रत्येक पाईपखाली चामड्याची एक लहानशी गादी असते. काही दशकांनी ते चामडे सुकून फाटते. मग स्वर मुका होतो. झडप अडकली तर उलटे, पाईप एकटाच वाजत राहतो, थांबता थांबत नाही. त्याला तिकडे ‘सायफर’ म्हणतात.

चर्चच्या बैठकीत साहजिकच प्रश्न निघाला, त्यापेक्षा कमी पैशात इलेक्ट्रॉनिक ऑर्गन मिळतो, तोच का घेऊ नये? मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून माझ्याकडे बघितले गेले. मी म्हटले, मी ज्या गोष्टी बनवते त्या वीस वर्षांनी कोणी उघडूही शकत नाही. सुटे भाग मिळत नाहीत, बनवणारी माणसे दुसरीकडे गेलेली असतात. हा ऑर्गन मात्र चामडे, सरस आणि कुशल हात असतील तोवर पुन्हा बोलता होईल. काहींना पटले, काहींना नाही. खजिनदारांना अजूनही पटलेले नाही.

आता बेसबॉल कशाला? अहो, तिकडे या खेळाचे आणि ऑर्गनचे नाते जुने आहे. १९४१ साली शिकागोच्या रिग्ली फील्डवर सामन्यात पहिल्यांदा ऑर्गन वाजला आणि मग मैदानोमैदानी गेला. बोस्टनमध्ये एक जुने कोडे घालतात: रेड सॉक्स, ब्रुइन्स आणि सेल्टिक्स, म्हणजे बेसबॉल, हॉकी आणि बास्केटबॉल, या तिन्ही संघांसाठी कोण ‘खेळला’? उत्तर, जॉन कायली. ते ऑर्गनवादक होते! फेनवे पार्कवर त्यांनी १९५३पासून १९८९पर्यंत वाजवले.

मैफलीत बाख होताच. ‘केसी ॲट द बॅट’ ही १८८८ची कविताही एका निवृत्त शिक्षकांनी म्हणून दाखवली. मडव्हिलचा हिरो केसी शेवटी चक्क बाद होतो, तिथे ऑर्गनने असा खर्ज लावला की बाकावरची लाकडे थरथरली. सातव्या डावाच्या मध्यावर प्रेक्षक उठून आळस देतात, ही बेसबॉलची प्रथा. तिथे ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ सुरू झाले. १९०८चे गाणे, तीन मात्रांची चाल, आपल्या दादऱ्याच्या जवळची. सगळे चर्च उभे राहिले. त्यात चर्चला कधी न येणारे होते, ज्यू होते, आमच्यासारखी दोन मराठी कुटुंबे होती. प्लंबर होता, त्याने ऑर्गन आयुष्यात फक्त मैदानावर ऐकलेला. त्याने जाताना एका पाईपचे पैसे दिले. हो, पाईप दत्तक घेता येत होते. माझ्या मुलीनेही खाऊच्या पैशातून पेन्सिलीएवढा घेतला.

सगळा खर्च निघाला नाही. एका विभागाचे चामडे बदलण्याइतके जमले. बाकीचे विभाग आणखी काही वर्षे खोकत राहतील.

हे आज सांगण्याचे कारण तुम्ही ओळखले असेल. दुपारच्या बैठकीत आपल्या तुकडीची शाळेला भेट ठरायची आहे आणि यादीत पहिला आहे ध्वनिवर्धक संच. काल शिपाईमामांनी मला कोठीची खोली उघडून दिली. संगीताच्या बाई ज्या पायपेटीवर प्रार्थना घ्यायच्या ती तिथे नकाशांच्या मागे उभी आहे. भात्याला भोक आहे, डावे पायडल निखळलेय, तीन सूर बोलत नाहीत. पण वाळवी नाही, मी टॉर्च लावून बघितले.

बाई, तुम्ही समोरच बसल्या आहात, म्हणून विचारते. पेटी दुरुस्त झाली तर पुढच्या वर्षी एक प्रार्थना वाजवाल? आमच्यातले क्रिकेटवाले, नाटकवाले, वर्गाबाहेर उभे राहणारे, सगळ्यांना तिकीट लावून बोलावू. सूर लावताना पट्टी दाबून बसायला कोणी हवे असेल, तर मी पुढच्या सोमवारपर्यंत इथेच आहे.