सिंगल फेजवर गावचे वर्कशॉप
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



विजेचा विषय निघाला की आपण पंपावर बोलतो. मग कोरडवाहू शेतकरी म्हणतो, आमच्या विहिरीला पाणीच नाही, आम्हाला विजेचे काय? आमचे म्हणणे असे की कोरडवाहू शेतकऱ्यालाही वीज लागते. ती गावातल्या वर्कशॉपला लागते.

पेरणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. पाऊस पडला, वाफसा आला. तो चार दिवस टिकला तर नशीब. नेमका तेव्हाच पेरणी यंत्राचा शाफ्ट मोडतो. गावात लेथ असेल तर ते दोन तासांचे काम आहे. नसेल तर तालुक्याला जा, नंबर लावा, उद्या या. दोन दिवसांत वरची ओल उडते. मग कपाशीची उगवण विरळ, नांग्या भरा, नाही तर दुबार पेरणी. खरीप ज्वारी उशिरा पेरली की खोडमाशी ठरलेली. हा तोटा उत्पादन खर्चाच्या कोणत्या तक्त्यात धरला आहे? कोणत्याच नाही.

मग गावात लेथ का नाही? हात शिकलेली पोरे आहेत. जुने लेथ, ड्रिल विकत मिळतात. पण त्यांवर मोटर असते थ्री फेजची, आणि फाट्यावरच्या टपरीत वायर येते सिंगल फेजची. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज मिळते ती ठराविक तास, अनेक ठिकाणी पाळीने, रात्रीसुद्धा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिने काही भागांत दिवसा वीज मिळू लागली. पण शेतीपंपाची वीज वर्कशॉपला वापरता येत नाही.

तेव्हा मार्ग कोणते, ते नीट समजून घेऊ. थ्री फेजमध्ये तीन तारा एकामागून एक जोर लावतात, म्हणून मोटर आपोआप फिरते. एकाच फेजचा जोर पुढे-मागे होतो. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि तशीच ठेवली तर जळते. म्हणजे आपल्याला तिसऱ्या जोराची सोय करायची आहे.

पहिला मार्ग सगळ्यांत साधा. ड्रिल किंवा ग्राइंडर १-२ हॉर्सपॉवरचा असेल तर मोटरच बदला, सिंगल फेजची बसवा. खटपटीत पैसा घालू नका.

दुसरा मार्ग कंडेन्सरचा. तो कमी खर्चाचा आहे, पण लंगडा आहे. १ हॉर्सपॉवरच्या मोटरला २३० व्होल्टवर सुमारे ५० मायक्रोफॅरडचा, सतत चालणारा, किमान ४०० व्होल्ट एसीचा कंडेन्सर लागतो. मोटर आपल्या ताकदीच्या दोन तृतीयांशच काम देते आणि सुरुवातीचा जोर फारच कमी असतो. रिकामा सुरू होणारा लेथ चालेल. हवेचा कॉम्प्रेसर किंवा भरलेली गिरणी उठणार नाही. आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये झटका शिल्लक राहतो. तो उतरवल्याशिवाय हात लावू नका.

तिसरा मार्ग फिरत्या कन्व्हर्टरचा. एक मोठी थ्री फेज मोटर कंडेन्सरने रिकामी फिरवत ठेवायची. तिच्या तिसऱ्या टोकावर तिसरा फेज तयार होतो, त्यावर लेथ चालतो. ३ हॉर्सपॉवरच्या लेथला ५ ची मोटर धरा. एका कन्व्हर्टरवर आळीपाळीने दोन-तीन यंत्रे चालतात. पण ती मोटर दिवसभर फिरते, मीटरही फिरतो.

चौथा मार्ग व्हीएफडी ड्राइव्हचा. सिंगल फेज आत घेऊन ते थ्री फेज बाहेर देते. सिंगल फेजवर चालणारी ड्राइव्ह ३ हॉर्सपॉवरपर्यंत सहज मिळतात. मोटर सावकाश उचलते, म्हणून दिवे मंद होत नाहीत, आणि वेगही कमी-जास्त करता येतो. एका यंत्राला एक ड्राइव्ह ठेवा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कंडेन्सर लावायचा नाही, स्विचही नाही. लोखंडाचा कीस आणि कापसाचा तूस आत गेला तर ते मरते, म्हणून हवा खेळेल अशा बंद पेटीत बसवा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. मोटरची पाटी वाचा. २३० व्होल्टच्या ड्राइव्हमधून २३० व्होल्टचेच थ्री फेज निघते. आपल्याकडच्या २ हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. डबीतल्या पितळी पट्ट्या बदलून त्या डेल्टात घेतल्या की २३० वर पूर्ण ताकदीने चालतात. ३ हॉर्सपॉवर आणि त्यापुढच्या मोटरी बहुधा ४१५ ला डेल्टातच असतात. तिथे पट्ट्या बदलून भागत नाही. मोटर भरून घेताना २३० व्होल्टसाठी भरून घ्या, नाही तर २३० चे ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर बसवा. हाच नियम कंडेन्सरला आणि फिरत्या कन्व्हर्टरलाही लागू आहे.

वायरीचाही हिशेब करा. ३ हॉर्सपॉवरची मोटर सिंगल फेजवर १५ अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढते. थेट सुरू केली तर क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. घरच्या दिव्यांच्या वायरीवर हे सोसत नाही. जाड वायर, चांगले अर्थिंग आणि योग्य वर्गाचे कनेक्शन, यांत काटकसर नको. म्हणून सिंगल फेजवर ३ हॉर्सपॉवरपर्यंतच जावे, असा आमचा सल्ला आहे.

एक कटू गोष्टही सांगतो. डीपीवरचा एक फेज गेला की काही जण कंडेन्सर लावून उरलेल्या दोन फेजवर पंप ओढतात. तेवढ्याच कामाला उरलेल्या तारांतून जवळजवळ पावणेदोन पट करंट जातो. पंधरा जणांनी तसे केले की डीपी जळते, आणि ज्यांनी काहीच केले नाही तेही अंधारात बसतात. वर्कशॉपसाठी स्वतःच्या मीटरवर सोय करणे वेगळे आणि सामाईक डीपीवर ओझे टाकणे वेगळे. संघटनेच्या माणसाने दुसरे करू नये.

पण भावांनो, ही सगळी कुबडी आहे. ३ हॉर्सपॉवरच्या पुढे गावाला जायचेच आहे. सरकी काढायची, तुरीची डाळ करायची तर जोर लागतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी दाल मिल बनवली ती गावात डाळ व्हावी म्हणूनच. गावातून तूर पोत्याने जाते आणि डाळ किलोने परत येते, मधला पैसा बाहेर राहतो. तो गावात राहायचा तर थ्री फेज गावात आली पाहिजे.

२००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ सांगते की मागणाऱ्याला वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. म्हणून प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीपूर्वी तीन कामे करावीत. गावात कोणती यंत्रे विजेअभावी बंद आहेत त्यांची यादी, मोटरीच्या पाटीवरच्या आकड्यांसह, करावी. वर्कशॉप चालवणाऱ्याने थ्री फेज कनेक्शनचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही.

या याद्या आणि पोच घेऊन या. जिल्ह्याच्या वीज कार्यालयात आपण एकत्र जाऊ. तोवर लेथ बंद ठेवू नका.