चक्का, बर्फ आणि कृत्रिम मेंदू

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. दह्यातले पाणी एकदम निघत नाही. रात्रभर थेंबथेंब गळत राहते. फडके पिळले तरी फारशी घाई चालत नाही, कारण पाण्याला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. आपल्या मेंदूची घडणही काही अंशी अशीच आहे. त्याच्या वजनात पाऊण हिश्श्याहून अधिक पाणी असते. त्यावर दाब दिला की प्रथम तो प्रतिकार करतो. मग आतला द्रव सरकतो आणि तो प्रतिकार हळूहळू ओसरतो.

शस्त्रक्रियेच्या सरावासाठी अशा अवयवांच्या प्रतिकृती लागतात. सिलिकोन रबराची प्रतिकृती दिसावयास हुबेहूब असते, परंतु तिच्यात पाणीच नसते, मग ते सरकणार कोठून? अशा प्रतिकृतीवर तयार झालेला हात रुग्णाच्या मेंदूत प्रथम सुई घालतो, तेव्हा चुकीची सवय घेऊनच तो तेथे पोहोचतो.

म्हणून संशोधक सच्छिद्र, पाणीदार जेलकडे वळले. कापड गिरण्यांत सुताला खळ देण्यासाठी वापरतात ते पॉलिव्हिनिल अल्कोहोल येथे उपयोगी पडते. त्याचे पाण्यातील द्रावण साच्यात ओतून शून्याखाली सुमारे २० अंशांवर गोठवावयाचे व पुन्हा वितळू द्यावयाचे. पाण्याचा बर्फ होताना या बहुवारिकाच्या लांब साखळ्या बाजूला रेटल्या जातात. अडचणीच्या जागेत दाटी झाली की त्यांचे सूक्ष्म स्फटिक बनतात, आणि तेच गाठींसारखे सारे जाळे धरून ठेवतात. बर्फ वितळला तरी त्याची जागा छिद्ररूपाने उरते. सांधण्यासाठी निराळे रसायन लागत नाही, हा यातील मोठा लाभ होय. गोठवणे सावकाश झाले तर बर्फाचे कण मोठे होतात (कुल्फी रवाळ का होते, हे गृहिणींना ठाऊकच आहे!) आणि छिद्रेही मोठी राहतात. गोठवण्या-वितळवण्याची आवर्तने वाढवली की जेल अधिक ताठ होते.

खरी अडचण येथेच आहे. ताठपणा वाढवावा तर छिद्रांची रचनाही बदलते आणि पाण्याची वाट निराळी होते; एक खुंटी पिळली की दुसरी तार आपोआप ओढली जाते. यावर उपाय म्हणून दुसरा पदार्थ मिसळतात. २०१६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी पॉलिव्हिनिल अल्कोहोलमध्ये फायटाजेल हा जीवाणूंपासून मिळणारा पदार्थ मिसळून मेंदूसारखे जेल बनवले व डुकराच्या मेंदूशी ताडून पाहिले. त्यांनी केवळ मऊपणा मोजला नाही. दाबल्यावर ताण किती वेगाने ओसरतो, हेही पाहिले. माझ्या मते कोणत्याही प्रतिकृतीची पारख याच दुसऱ्या मापाने व्हावी. मऊपणाचा आकडा जुळवणे त्या मानाने सोपे आहे.

साचा मोठा असला की आणखी एक घोटाळा होतो. बाहेरचा थर आधी गोठतो, गाभा मागाहून. त्यामुळे एकाच ठोकळ्यात दोन प्रकारचे जेल तयार होते. शिवाय तयार प्रतिकृती उघडी ठेवली तर ती सुकते. म्हणून ती पाण्यात बुडवून ठेवावी लागते, आणि वापरण्यापूर्वी तिचे माप पुन्हा एकदा घ्यावे लागते.